नोंद न घेतलेले सूर

पेणकरपाडा, मीरा रोड
रविवार, २० जुलै २०२५

दादा,

जय भीम. आई बरी आहे. माझी नोकरी तीच, नवघरच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून हे पत्र संभाजीनगरला तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. ११ फेब्रुवारीला सकाळी पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं.
२. एकोणीस दिवस हॉस्पिटल. आता घरी आहेत. काठी धरून बाथरूमपर्यंत जातात. ‘नाही’ आणि ‘चहा’ हे दोनच शब्द स्पष्ट येतात.
३. डावा हात शाबूत आहे.
४. १५ जूनला त्यांनी गिटार घेतली आणि खाली ठेवली. त्या दिवसापासून व्यायाम बंद.
५. तुला कळवण्यात आलं नाही.

चौथ्या मुद्द्यासाठी हे पत्र आहे.

पूनम सागरहून फिजिओथेरपिस्ट सुरुची मॅडम व्यायाम करून घ्यायला येतात. मे महिन्यात त्यांनी विचारलं, “अंकल को कोई शौक था क्या?” आईने माळ्याकडे बोट केलं. मी गिटार खाली काढली. तू लहानपणापासून तिच्या शेजारी बसलास. मी तिला पहिल्यांदाच हात लावला. शोधल्यावर कळलं, साधारण १९७४ची जपानी, नवशिक्यांसाठी काढलेल्या स्वस्तातल्या मॉडेलपैकी. अंग भरीव लाकडाचं, आत पोकळी नाही, आवाज विजेवर निघतो, त्यामुळे तार जोरात छेडावी लागत नाही. लुळा अंगठा नुसता टेकून सरकवला तरी पुढचं काम ॲम्प्लिफायर करतो. डावा हात तर चांगलाच होता. मला हिशोब पटला.

दोन रविवार मी ती दुरुस्त केली. आवाजाचं बटण साफ केलं, वायरची जागा नव्याने सोल्डर केली. तिथे थांबायला हवं होतं. तारांखाली पप्पांनी फॅक्टरीतल्या स्टीलच्या पत्र्याचे बारके तुकडे सरकवले होते, ते काढून टाकले. वरची पट्टी त्यांनी टूथब्रशच्या दांड्याची घासून बसवली होती, ती काढून विकतची बसवली. गंजलेल्या तारा फेकल्या. सहा नव्या तारा ट्यूनरवर काटेकोर लावल्या, पुस्तकात देतात तशा. जुन्या तारांचे सूर कुठल्याच पुस्तकाशी जुळत नव्हते. मला वाटलं, पडून पडून उतरले असतील.

१५ जूनला राघोकाका ढोलकी घेऊन आले. म्हणाले, “कोंडिराम, वाजव रे. दोन्ही हात चालणारे तरी आपल्या गायन पार्टीत कुठे सुरात होते!” पप्पा हसले. तोंडाची एकच बाजू हसते आता. आईने उजवा अंगठा तारेवर ठेवून दिला. डाव्या हाताची बोटं आपोआप जागेवर गेली, न बघता, झरझर. चौदा एप्रिलला ते पहिलं गाणं वाजवायचे, त्याची ती बोटं होती. मी ती शेकडो वेळा पाहिली आहेत.

सूर भलतेच आले.

त्यांनी परत वाजवलं. परत तसंच. राघोकाकांची ढोलकी थांबली. पप्पांनी डावा हात तोंडासमोर धरला, उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “नाही.” आई पदर तोंडाला लावून बोलली, “डोक्यातलंबी गेलं गं सगळं.”

माझ्या तेव्हाच लक्षात आलं. पप्पांना गिटार कुणी शिकवली नव्हती. पार्टीच्या पेटीवर तू सूर द्यायचास आणि ते त्यांच्या पद्धतीने एकेक तार त्याला मिळवायचे. त्यांची बोटं त्या तारांवर बसली होती. बोटं बरोबर होती, तारा मी बदलल्या होत्या.

हे मी तिथे बोलले नाही.

आमच्या लॅबमध्ये पहिला नियम असा, की तपासायला आलेल्या मोजमापाच्या यंत्राला हात लावायच्या आधी ते दाखवतंय ते वाचन लिहून ठेवायचं, चुकीचं दिसलं तरी. हा नियम मी दुसऱ्यांना शिकवते. गिटारच्या वेळी एकही आकडा लिहिला नाही. घरातली वस्तू होती, आणि ती चुकलेली आहे याबद्दल मला शंकाच नव्हती.

नंतर खटपट केली. जयंतीचे जुने व्हिडिओ कॉम्प्युटरवर टाकून पाहिले. ढोलकी आणि लोकांच्या आवाजातून मोकळ्या तारांचे सूर वेगळे निघत नाहीत. राघोकाका म्हणाले, “मला तालाचं विचार बाई. सूर समाधानला ठाऊक.” म्हणजे तुला. गिटार अंदाजाने तीन वेगवेगळ्या प्रकारे लावून पप्पांपुढे धरली. आता ते भिंतीकडे तोंड करतात.

२०२१च्या कार्यक्रमात पप्पा माइकवरून तुला म्हणाले होते, “कीबोर्ड नको, पेटी आण, नायतर खाली उतर.” तू उतरलास आणि पेटी घेऊन घर सोडून गेलास. मला तो त्यांचा हट्ट वाटला होता. आता कळतं, ती पेटी थोड्या चढ्या सुराची होती, गिटार फक्त तिच्याशीच जुळायची. हे त्यांना चारचौघांत सांगता आलं नसावं.

पाचव्या मुद्द्याबद्दल. कळवण्यात आलं नाही म्हणजे मी कळवलं नाही. हॉस्पिटलमध्ये पप्पा रोज दाराकडे बघायचे. चौथ्या दिवशी मी सांगितलं, “दादाला कळवलंय, त्याला जमत नाही म्हणाला.” आईलाही तेच सांगितलं. तू निघून गेल्याचा राग होता, आणि तू आलास तर चार वर्षं मी केलेलं सगळं एका दिवसात तुझं होईल असं वाटलं. त्यानंतर त्यांनी दाराकडे बघणं सोडलं.

सुरुची मॅडम म्हणतात, सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होते. ते ११ ऑगस्टला संपतात. तारा पहिल्यासारख्या लागल्या तरी पप्पा गिटार हातात घेतील असं मॅडमना वाटत नाही. मलाही वाटत नाही. पण बोटं चुकली नव्हती हे पप्पांना नुसतं सांगून पटणार नाही, ऐकवावं लागेल. तुझ्याबद्दल खोटं बोलले, तेही मी त्यांना सांगणार आहे. हे पत्र पोस्टात टाकून आल्यावर, आजउद्यात.

पेटी अजून तुझ्याकडे आहे का? असेल, तर सहाही तारांचे सूर तिच्यावर एकेक वाजवून रेकॉर्ड करून पाठव. विकली असेल तर तसं लिही. यायचं असेल तर ये. त्यासाठी मला विचारायची गरज नाही.

काहीही असलं तरी गुरुवार, ३१ जुलैपर्यंत उत्तर दे.

पंचशीला