तळघरातला लाल दिवा

४ जानेवारी
बाबांना तळघरातल्या खोलीत हलवून महिना झाला. त्यांची वरची खोली आता माझी स्टडी. जिना त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हता, असं मी सगळ्यांना सांगतो. (तळघरालाही जिना आहे. पण चढायचंय कशाला? जेवण खालीच पोचतं.) स्टडीत आज छान झोप लागली.

७ जानेवारी, सकाळी
बायकोने मीटर मागवला. रेडॉन मोजायचा. जमिनीतून येणारा वायू म्हणे. वास नाही, रंग नाही. बंद खोलीत साचतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला की फुफ्फुसांचा कॅन्सर होऊ शकतो. हिला नसती भीती घालून घ्यायची हौसच आहे. मीटर बाबांच्या पलंगाशी ठेवला; वायू जास्त असला की लाल दिवा, नाहीतर हिरवा.

९ जानेवारी
लाल दिवा! संकल्प: रविवारी फरशीच्या भेगा बुजवणे, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणे. तोवर बाबांना वर आणूया, असं बायको म्हणाली. मी म्हटलं, मीटर नवा आहे, जरा रुळू दे.

११ जानेवारी, रविवार
भेगा बुजवायचं सीलंट आणलं. ट्यूबचं टोक कापायला कात्री सापडेना. शोधताना पाठ धरली. स्टडीत विश्रांती.

१३ जानेवारी
मीटर गुपचूप बाबांच्या खिडकीच्या फटीत, बाहेरच्या वाऱ्यात ठेवला. नुसता प्रयोग.

१६ जानेवारी
हिरवा! बायकोला दाखवला. तिचा जीव भांड्यात पडला. मला मात्र जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असणार.

२७ जानेवारी
बाबांना जोराचा खोकला, ताप. देवा, पंखा उद्याच बसवतो. मी हळूच विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, रेडॉन इतक्या लवकर खोकला आणत नाही, छातीत सर्दी भरलीय, गार वाऱ्यात झोपता का? बाबा म्हणाले, हो, पलंग खिडकीखाली ओढलाय आणि खिडकी सताड उघडी ठेवतो. मला मीटर तिथे ठेवताना त्यांनी पाहिलं होतं. पलंगाशी लाल, खिडकीत हिरवा, म्हणजे श्वास घ्यायची जागा तीच. पोरगा बोलत नाही फारसा, पण माझ्यासाठी चांगली हवा शोधून दिली बघा, असं डॉक्टरांना कौतुकाने सांगत होते. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

२८ जानेवारी
बाबा वर, आपल्या खोलीत. स्टडी खाली. मीटर टेबलावर, लाल. सीलंट जसंच्या तसं. आत्ताच बायको बाबांचा निरोप सांगून गेली: टेबल खिडकीत घे म्हणावं, तिथली हवा चांगली आहे.