पट न फिरवलेला डाव

विश्वनाथ तुकाराम गायकवाड सर, आपल्याला जाऊन इतकी वर्षे लोटली की या पत्रावर पत्ता कोणता घालावा हा प्रश्नच उरत नाही. म्हणून थोडे मोकळेपणाने लिहितो. जे प्रथम कळवावयास हवे ते हे की आपली विद्यार्थिनी, माझी पत्नी, गेल्या पोळ्यानंतर नांदेडला वारली. आजार लांबला होता. तिच्या माघारी मी घरातला बुद्धिबळाचा पट उघडला नव्हता. काल लातूरला जे घडले ते तिला सांगावयाचे होते. ती नाही, म्हणून आपल्याला सांगतो आहे.

आपला वर्ग मला अजून तसाच दिसतो. लातूरच्या शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीत रविवारी सकाळी आपण आम्हांला बसवत असा. बाकांवर रंगांचे डाग, खिडकीत वाळत घातलेले ब्रश, आणि भिंतीशी आपण उभे, हात पाठीमागे. मी किल्लेकोट करून राजाभोवती प्याद्यांची भिंत उभी केली की आपण वाकून पाहायचे. "किल्ला तर झ्याक बांधला हो तुम्ही. पण राजाला श्वास घ्यायला खिडकी हाय का न्हाई?" सगळा वर्ग हसे. ती सर्वांत मोठ्याने हसे. ती अहमदपूरहून एसटीने येत असे आणि तिच्या डावात तिचा स्वतःचा राजा बहुधा उघड्यावरच असे, कारण तिचे सगळे मोहरे दुसऱ्याच्या राजाकडे निघालेले असत.

आपल्या वर्गाचा एक नियम होता. तो मी दुसरीकडे कोठे पाहिला नाही. ज्याने मोहऱ्याचे बलिदान देऊन राजावर हल्ला चढवला, त्याने डाव जिंकल्यावर लगेच उठावयाचे नाही. पट फिरवावयाचा, बलिदानाच्या क्षणापर्यंत मागे जावयाचे, आणि आता त्याच राजाच्या बाजूने बसून त्याला वाचवून दाखवावयाचे. "मारणाऱ्यानं एकदा मरणाऱ्याच्या खुर्चीत बसावं," असे आपण म्हणत असा. लग्नानंतर आमच्या घरीही हा नियम चालू राहिला. ती शाळेत शिकवून येई, मी पाटबंधारे कार्यालयातून येई, चहा होई आणि पट मांडला जाई. ती वजीर माझ्या प्याद्यांत नेऊन ठेवी आणि म्हणे, "घ्या की. भ्याव वाटून राहिलं का?" मला खरोखरच भय वाटे. मी घेत नसे आणि हरत असे. घेई तेव्हाही बहुतेक हरत असे. मग पट फिरे, आणि माझा तो गांगरलेला राजा ती कधी कधी सहज वाचवून दाखवी.

एक डाव मात्र आम्ही कोणीच कधी फिरवला नाही. तो आपला होता. निलंग्याचे ते मास्टर दर्जाचे खेळाडू लातूरला आले असताना आपण त्यांच्याविरुद्ध खेळलेला. प्रथम आपण उंट देऊन त्यांच्या राजापुढचे प्यादे फोडले. आम्हांला वाटले, उंट फुकट गेला. मग काही चालींनंतर आपण पेनाचे टोपण लावले, ते खिशाला अडकवले, आणि हत्ती थेट राजाच्या शेजारी नेऊन ठेवला. शह. राजाने हत्ती घेतला. दूरच्या कोपऱ्यातून आपला वजीर तिरका आला. पुन्हा शह. राजा कोपऱ्यात परतला आणि तेथेच मात झाला. असे सौंदर्य मी पुढे पुलांच्या, धरणांच्या बांधकामातही पाहिले नाही. ती हा डाव तोंडपाठ म्हणून दाखवी. मी कितीदा म्हणालो असेन, हा डाव निर्दोष आहे. त्यावर ती म्हणे, "अहो, एकदा पट फिरवून तर बघा." मी म्हणे, सरांचा डाव फिरवावयाचा नसतो. ती हसून कपबशा उचलत असे.

यंदाच्या आपल्या स्मृती-शिबिरात हा डाव मुलांना समजावून सांगण्याचे मी मान्य केले. तयारी म्हणून तो संगणकावर मांडला. हत्तीच्या बलिदानानंतर वजिराचा शह येताच संगणकाने क्षणार्धात उत्तर दिले: राजाने कोपऱ्यात परतू नये, पुढे यावे. स्वतःची भिंत सोडून, आपल्या पांढऱ्या फौजेच्या तोंडावर, उघड्या पटावर. तेथे आपलीच प्यादी आपल्या वजिराच्या वाटेत येतात. काळा वाचतो, आणि नंतर जिंकतो. मी ते पुनःपुन्हा तपासले. माझ्या मनाला जे लागले ते सर, आपल्याविषयी नव्हते. ज्या डावाला तिने उभे आयुष्य जीव लावला त्यात छिद्र होते, आणि तिच्यानंतर वर्षभरातच ते मी मुलांसमोर उघडे करावयाचे? न सांगावे, तर आपल्याच वर्गात आपलाच नियम मोडावयाचा.

काल सकाळी नांदेडहून निघालो. अहमदपूरला एसटी थांबली तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहिले नाही. लातूरला पोहोचेपर्यंत माझा निर्णय झाला होता. मुलांना आधी डाव जसा झाला तसा दाखवला; हत्ती पडला तेव्हा मागच्या रांगेतून "बाप रे" असा आवाज आला. मग मी पट फिरवला आणि राजा पुढे टाकला. तेवढ्यात पहिल्या रांगेत काठी टेकून बसलेले वृद्ध गृहस्थ म्हणाले, "हाव, बराबर हाय. हीच चाल." ते आपले निलंग्याचे प्रतिस्पर्धी होते. मी त्यांना ओळखले नव्हते.

मी विचारले, आपल्याला ही चाल तेव्हा दिसली होती का? ते म्हणाले, "दिसली कुठली? तुमच्या सरांनीच दाखवली की. डाव संपला, लोक गेले, अन् हे म्हणाले, बसा, पट फिरवू. सोता काळ्याकडून बसले अन् राजा बाहेर काढला. म्या म्हनलं, सर, तुम्हाला ठाऊक होतं तर हत्ती टाकला कशाला? म्हणाले, तुमचा राजा घराबाहेर निघतो का, ते बघायचं होतं." मुले हसली. ते पुढे म्हणाले, "साहेब, ती चाल दिसली असती तरी म्या खेळलो नसतो. सगळं घर सोडून राजानं उघड्यावर यायचं म्हंजे लई अवघड. अन् तुमच्या मंडळींना पुसा की, तुमचं दोघांचं लगीन झाल्याचं सरांनीच सांगितलं होतं मला. त्या होत्या तिथं. परकरातली पोरगी, अहमदपूरची. मोहरे त्यांनीच मांडून दिले."

तिचे निधन त्यांना ठाऊक नव्हते. मी सांगितले. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "मग तुम्ही आता एकलेच?" मी हो म्हणालो.

म्हणजे तिला सर्व ठाऊक होते. उत्तर सांगून टाकणे तिला एका वाक्याचे काम होते, ते तिने आयुष्यभर केले नाही. आपणही कधी कोणाला चाल सांगितली नाहीत, केवळ खुर्ची बदलावयास लावलीत. हत्ती पटावर ठेवताना आपल्याला आपला पराभव स्पष्ट दिसत होता, आणि तरीही आपण समोरच्याच्या राजाला बाहेर येण्याची संधी दिलीत. मी त्या डावाला निर्दोष म्हणत होतो, तेव्हा तो मला निम्माच कळला होता. आज तो मला पूर्वीपेक्षा थोर वाटतो.

सर्व निघून गेल्यावर मी काळ्याच्या बाजूने एकटाच बसलो आणि राजाला चौथ्या ओळीपर्यंत नेले. समोर ती असती तर काय म्हणाली असती हे मला ठाऊक आहे, असे मी येथे लिहिणार होतो. ते मला ठाऊक नाही. तसे पाहता, मला घरी जाण्याची घाईही नव्हती. शाळेचे शिपाई दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा मोहरे पेटीत भरले, दिवे मालवले, दार ओढून घेतले, कुलूप लावले आणि किल्ल्या त्यांना परत केल्या.