सायलीच्या जर्सीवरचं आडनाव

शनिवार, संध्याकाळ

दुपारी सायलीचे मामा माझ्या जर्सी-छपाईच्या दुकानात आले आणि सगळं फिरलं. तिच्या पिवळ्या जर्सीवर मी 'शेळके' छापणार होतो, तिच्या वडलांचं आडनाव. मामा म्हणाले, "टाकून गेलेल्याचं नाव कशाला? पोर आमच्यात वाढली. 'ढमाले' टाक." दुकानाचा गाळा त्यांचाच, म्हणून मी 'बरं' म्हणालो. प्राचार्यांना उलट बोलून कॉलेज सोडणारा मी!

मग सायलीला फोन केला. ती म्हणाली, "आई अजून शेळकेच लावती. ते पुसणारा मामा कोण? अन् तू तरी कोण?"

खरंय. माझ्या मनात तर तिसरंच आडनाव हाय, माझं. तेही तिला विचारूनच.

पिवळ्या जर्सीवर 'शेळके' छापलंय. आधी मामांनाच दाखवतो, मग गाळा गेला तरी जाऊ दे. उठलो, दार ओढून घेतो, निघतो.