मत्स्यमंत्र्याचा विडा

हुमनाबाद,
शुक्रवार, ९ फेब्रुवारी

चि. अमरनाथ यास दाजीचे आशीर्वाद आणि शरणु शरणार्थी.

इकडे सगळे ठीक. तुझी अक्का दिवसभर टीव्हीपुढे बसून तुमच्या सरकारचा श्वास मोजते. अकरा पक्षांचं मंत्रिमंडळ म्हणजे लांबलचक द्वंद्वसमास रे! सगळीच पदं प्रधान, म्हणून विग्रह ठरलेला. सीमाभागाचा, लिंगायत आणि पन्नाशीच्या आतला, असे तिन्ही रकाने तू एकट्यानं भरलेस म्हणून तुला घेतलं, हे कळतं. पण जन्मात मासळी न शिवलेल्याला मत्स्यखात्याचं राज्यमंत्रिपद? अक्का शेजारणींना नुसतं "पाण्याचं खातं" म्हणून सांगते.

सोमवारी विश्वासदर्शक ठराव, तुला सवड नाही. फोन केला तर तुझे पीए अंकुशराव उचलतात. म्हणून हे पत्र शेजारच्या बसवंतप्पांच्या हाती देतोय. ते उद्या विमानानं दिल्लीला येतात, रविवारी परत.

अंकुशराव परवा म्हणाले, "सर, शैलश्रीताईचं लग्न जरा लांबवा. दोन मतांवर सरकार टिकून हाय. समाज बिथरला तर साहेबांचं काय?"

मी म्हटलं, "बसवण्णा कल्याणात मंत्री असताना असंच एक जातीबाहेरचं लग्न झालं नि राज्य उलथलं. आपण जयंती कुणाची करतो, त्या लग्नाला शिक्षा देणाऱ्या राजाची की बसवण्णांची?"

"जयंती वेगळी, सर."

तुझ्या भाचीनं निवडलेला नागसेन बौद्ध आहे, एवढंच यांचं दुखणं. पोरगा दवाखाना चालवतो, याच लोकांची नाडी बघतो, ते कुणी काढत नाही. त्याच्या आईनं, चांगुणाबाईनं, चहा देता देता मला विचारलं, "सरकार पडायची वाट कामून बघायलात, गुरुजी? पडलं की इलेक्शन. मग तर तुमचे लोक अजूनच न्हाई म्हणतील." इतकी वर्षं न्यायशास्त्र मी घोकलं, पण हा तर्क तिनं शिकवला.

मघाशी सगळं ठीक लिहिलं. तसं नाही. लग्नाच्या नोटिशीचा फोटो गावभर फिरलाय. काल संध्याकाळी दोन मोटरसायकली दारात थांबल्या. "मंत्र्याची भाची हितंच राहती का?" एवढं विचारून गेले. तेव्हापासून शैलू आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. अक्का टीव्हीपुढे बसते खरी, पण नजर दाराकडे.

लग्न सोमवारीच आहे.

आपल्यात भाचीवर पहिला हक्क मामाचा. ती दुसरीकडे जाताना त्यानं विडा द्यावा, मगच तिनं उंबरा ओलांडावा. शैलू म्हणते, "मामाच्या विड्याबिगर मी निघणार न्हाई." रजिस्ट्रारला विडा लागत नाही, असं सांगून पाहिलं. ऐकत नाही. भाची कुणाची!

तू ये म्हणत नाही. तिकडे तुझं एक मत मोलाचं आहे, इकडेही आहे. विडा बांधून बसवंतप्पांजवळ दे. जमत नसेल तर त्यांना रिकाम्या हातानं पाठव, बहाणा मात्र पाठवू नकोस. तिला काय सांगायचं ते मी सांगेन, आणि तिचा हात धरून उंबरा मीच ओलांडेन.

तुझं सरकार टिको.

तुझा दाजी आणि सोमवार दुपारपासून नागसेनचा सासरा,
गुरुपादय्या