तुझ्या हातचा पुदिना

चिंचवड,
ता. ९ मार्च १९५७

चि. सौ. कुसुम हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. अक्षर फुटलं होतं. रडत लिहिलंस की शाईच पातळ होती, ते कळलं नाही. बाळंतपणाला माहेरी गेलीस, मूल हाती लागलं नाही, आता अंगात ताकद आली आहे, तर सासरी न्यायला मूळ म्हणून कोण आणि कधी येतंय, असं विचारतेस. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी कामाचं.

मागच्या दारचा पुदिना यंदा माजला आहे. तू जाताना वाळवून बरणी भरून ठेवलीस, ती संपली. झाकण काढलं की ओसरीपर्यंत वास यायचा आणि पान हिरवं ते हिरवंच. पाव्हण्यांना मी माझ्याच हातचा म्हणून सांगायची. तुला डोक्यावर कशाला चढवा?

आता नवा घातला तो काळा ठिक्कर पडला. शालनने भर उन्हात पत्र्यावर पसरला होता. ही शालन निगडीच्या बबनरावांची लेक. गुणाची आहे, पण पाल्यातलं तिला काही कळत नाही. परवा कढीत चुरून घातला, तर ज्योतीरामने ताट सरकवलं.

"आये, ह्यो पुदिना हाय का चुलीतली राख? कुसुम असती तर..."

एवढं बोलून उठला. पिंपरीच्या कारखान्यातून पाळी करून आलेला माझा लेक उपाशी निजला. त्याच्या तोंडी अजून तुझं नाव आहे, हे मला सोसत नाही. स्पष्टच लिहिते.

त्यात शेजारच्या छबूबाईने तोंड घातलं. "थोरलीलाच इचारा की. धाकटीला न्हाई जमायचं."

बोलणं झोंबलं, पण सल्ला खरा होता. तेव्हा उलट टपाली सगळं लिही. पाणी कसं निथळवायचीस, कापड कोणतं, सावली माजघरातली की ओसरीवरची, पान खुडून की देठासकट. मेथी-कोथिंबिरीचंही कळव. काही राखून ठेवू नकोस, तुला आता त्याचा काय उपयोग? शालनला वाचता येतं.

थोरली-धाकटी वाचून समजली असशीलच. होय, माघात उरकलं. घरचीच माणसं होती. ज्योतीराम नको नको म्हणत होता, मी अन्नपाणी सोडून बसले तेव्हा वळला. तुझ्या वडिलांना, दौलतरावांना सांग, कायद्याची भीती मला घालू नका. कोर्टात गेलात तर तुझा पायगुण चव्हाट्यावर मांडीन. मग तुझ्या धाकट्या बहिणीला कोण करून घेतं ते बघा.

राहिलं तुझं उत्तर. कार्डभर एकच धोशा लावलास, 'मूळ धाडा, मूळ धाडा.' धाडलं आहे. छबूबाईचा भाऊ घोडेगावच्या बाजाराला येतो आहे, त्याच्याजवळ ओल्या फडक्यात पुदिन्याचं मूळ दिलं आहे. तुझ्याच वाफ्यातलं. आईच्या परसात लाव, तिथेच जीव धरेल.

कळावे. लोभ आता नसावा.

शालनची सासू,
गवराबाई