सेफ म्हणण्याआधी

रविवार, १४ ऑक्टोबर
दुपार

प्रिय ताईस,
नमस्कार.

‘इकडे सर्व क्षेम’ एवढं लिहिलं आणि खोडलं. वर जी शाईची गिचमिड दिसतेय ती तीच.

रोज फोनवर बोलतो, मग ह्याला पत्राचं काय खूळ लागलं, असं म्हणशील. पण तू फोन करतेस तेव्हा दाजी माझ्या शेजारीच बसलेले असतात. खोली एवढीशी, एकाने शिंकावं आणि दुसऱ्याने नाक पुसावं. आत्ता ते खाली कपडे धुवायला गेलेत, तेवढ्यात लिहून घेतो. छकुलीचा दात पडला का? पडला असेल तर मामाला दाखवायला ठेव म्हणावं.

फोन ठेवताना तू विचारतेस, “सेफ आहात ना रे दोघं?” मी म्हणायचो, “एकदम सेफ.” हल्ली मी “जेवलो, जेवलो” असं काहीतरी पुटपुटतो आणि फोन दाजींच्या हातात देतो. तुझ्या लक्षात आलंच असेल. लहानपणापासून तुझ्यापुढे माझं काही लपलेलं नाही.

‘सेफ’ हा शब्द मला इथं कामावर नव्याने शिकावा लागला. आधी मी तो कशालाही लावायचो. शिडी सेफ, पिशवी सेफ, उद्याची सुट्टी सेफ. आमच्या मुकादमांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, “बाळा, बाहेर काय वाटेल ते बडबड. विजेच्या पॅनलसमोर हा शब्द काढलास, तर त्याच्यावर भरवसा ठेवून कुणीतरी आत हात घालतो.”

दाजी फिटर, मी हेल्पर. आमची रीत अशी, की मेन स्विच बंद करून कुलूप घालायचं आणि चावी खिशात. मग मी टेस्टर घ्यायचा. आधी चालू जागी लावून त्याचा दिवा लागतो ना ते बघायचं, मग बंद केलेल्या तारांना लावायचा, मग परत चालू जागी. एवढं झालं की मोठ्याने ‘सेफ’ म्हणायचं. फिटरने तो शब्द परत म्हणायचा आणि मगच हात घालायचा. ‘बहुतेक सेफ’ चालत नाही. ‘मघाशी सेफ होतं’ तर मुळीच नाही. चहा पिऊन आलं की शब्द शिळा, पुन्हा तपासायचं. नुसता अंदाज असेल तर गप्प बसायचं. गप्प बसल्याने कुणी मेलेलं नाही, असं मास्तर म्हणतात.

ऐकायला सोपं आहे. पण ताई, तो म्हणायची वेळ आली की मी टेस्टर पुन्हा पुन्हा लावत बसतो.

दाजींच्या मनगटावरचा काळानिळा डाग तू फोनवर पाहिलास. दारात हात सापडला, असं ते म्हणाले आणि मी मान डोलावली. दार कसलं, मीच मारलं. टॉर्चने.

मंगळवारी पंपांच्या खोलीत होतो. मेन बंद, कुलूप घातलेलं. मी टेस्टर लावतच होतो, तोंडातून शब्द निघाला नव्हता, आणि दाजींचा हात आत निघालाही. तेवढ्यात टेस्टरचा दिवा लागला. बंद केलेल्या तारांवर. जनरेटरकडून येणारी दुसरी लाइन तोडायची राहून गेली होती. ओरडायला वेळ नव्हता, म्हणून टॉर्च हाणला.

दाजी मनगट चोळत हसले. “मेहुण्याचा हात भलताच जड आहे की,” म्हणाले. मग हळूच म्हणाले, “तिला सांगू नकोस. उगाच जीव टांगणीला लागेल तिचा.” थांबला का नाहीत, असं विचारलं तर म्हणतात, “तू असलास की मला काळजीच नसते. घरचा माणूस.”

दुसरा हेल्पर असला की दाजी हात मागे बांधून उभे राहतात, मी पाहिलंय. मी असलो की थांबत नाहीत. तू मला त्यांच्याकडे लक्ष द्यायला धाडलंस, आणि मीच त्यांच्या जिवावर उठल्यासारखं झालंय. मला फार भीती वाटते गं.

म्हणून काल मी मास्तरांना सगळं सांगितलं आणि दुसरी टोळी मागून घेतली. मास्तरांनी दाजींना सगळ्यांदेखत झापलं. तेव्हापासून अबोला आहे. “घरची लक्तरं वेशीवर टांगलीस,” एवढंच सकाळी म्हणाले. तुझ्याकडे माझ्या तक्रारी येतील. येऊ देत.

उद्यापासून त्यांच्याबरोबर दुसरा असेल आणि मी पलीकडच्या इमारतीत. ते थांबले की नाही, हे मला दिसणार नाही. आणि पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत मी लिहिलेलं सगळं शिळं झालेलं असेल. तेव्हा मला काही विचारू नकोस. त्यांनाच विचार, “आज थांबला होतात ना?” रोज विचार. माझं ते हसण्यावारी नेतात, तुझं नेणार नाहीत.

ते जिना चढून आले. दारात उभे आहेत, खांद्यावर ओले कपडे, दोन्ही हात दिसताहेत. माझ्याकडे बघत नाहीत, पण मी बघतोय.

आत्ता, मी बघतोय तोवर, इकडे सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा