उभे अप्पा

९ फेब्रु.
…मूर्तीच्या कारखान्यात पुतळ्यावरचं ओलं पोतं ओढलं, तर आधी बोट दिसलं. पुढे रोखलेलं. बंद गळ्याचा कोट. मानेवर नुसता मातीचा गोळा, चेहरा नाही. मूर्तिकार नामदेवमामा म्हणाले, "धड तयारच हुतं, बाई. साच्यातलं. ह्याच धडावर तालुक्यात तीन पुढारी उभे हायेत."
आणि पुतळा माझ्या वडिलांचा, अप्पांचा. ते चित्रकार. जन्मात कोट घातला नाही.

१० फेब्रु.
पुतळा समितीचा भाऊसाहेब घरी आला. माझा जुना विद्यार्थी. म्हटलं, अप्पा जमिनीवर बसून काढायचे, फळी मांडीवर. उभ्याने कधीच नाही.
"बाई, बसलेला पुतळा शिर्डीच्या गाड्यांतनं दिसत न्हाई. आन् बोटात ब्रश देतोच की आपण!"
चेहरा बरोबर आहे अशी घरच्यांची सही लागते. घरचं म्हणजे आता मी एकटीच. कागद ठेवून गेला. पंधराला साचा घेणार, त्यानंतर बदल नाही.
अप्पांनी कुणाला बोट दाखवल्याचं आठवत नाही. फार तर, कुणी उजेडात आलं की 'उजेड सोड' म्हणायचे.

११ फेब्रु.
फोटो तीन. एकात डोळे मिटलेले. एकात लग्नाच्या गर्दीत अर्धे. तिसरा ओळखपत्राचा, तो समितीने आधीच नेलाय.
दमले. अडवलं तर पुतळाच राहील. मग चार वर्षांनी गावात अप्पांचं नाव कोण घेणार. सही करावी, तर…

१४ फेब्रु.
पुन्हा मूर्तीच्या कारखान्यात. चेहरा झालाय.
"बघा. हायेत का तुमचे अप्पा?"
पाहत राहिले. सांगता येईना. नाक बरोबर असावं. शेवटी खरं ते बोलले. मला त्यांची पाठच आठवते. शाळेतून आले की पाठ. जेवायला बोलवायला गेले की पाठ. तेव्हा राग यायचा.
मामा हसले नाहीत. "मग पाठ सांगा."
सांगितली. डावा खांदा खाली. मान पुढे काढलेली. सदरा कमरेपाशी गोळा झालेला.
त्यांनी तारेने कोटाची पाठ कापून काढली, नवी माती थापली. मी सांगत होते, ते दाबत होते. संपता संपता म्हणाले, "म्होरून भाऊसाहेबाचा पुढारी, मागून तुमचे अप्पा. चालंल का?"
पाठीला हात लावला. गार होती. खांदा अजून थोडा खाली हवा, एवढंच म्हटलं.

१५ फेब्रु.
सकाळी सातला भाऊसाहेबाचा फोन. "मामा बोलले पाठीचं. असू द्या, मागून कोण बघतंय? तेवढी सही घेऊन या, बाई." कागद सही न करताच पिशवीत टाकला, मिळाली त्या एस.टी.ने गेले. साच्याची माणसं बाहेर चहा पीत होती. मामा मातीवर पाणी मारत होते. मी मागे जाऊन पाहिलं, खांदा खाली आला होता; तिथेच उभ्याने कागदावर सही केली.